थांबायचा हात

गेल्या जानेवारीत माझ्या नातीचा भव्य सत्कार ठरला होता आणि तो देवकीबाईंनी हाणून पाडला, असं आमच्या नातेवाईकांत सांगितलं जातं. देवकीबाई म्हणजे मी. ही साफ थाप आहे. सत्कार नूपुरने स्वतःच हाणून पाडला. मी फक्त सोबत होते, आणि खरं सांगायचं तर जरा उशिराच शहाणी झाले.

कुहीच्या शाळेत मी बत्तीस वर्षं पीटी शिकवली. माझी शिटी वाजली की मैदानावरची पोरं तर थांबायचीच, पण कुंपणापलीकडच्या धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायाही कंबर सरळ करून उभ्या राहायच्या, असं आमचे हेडमास्तर चिडवायचे. अशा बाईच्या पदरात देवाने नात घातली ती कुकरची शिटी सहन न होणारी. नाव मीच ठेवलं, नूपुर. हौसेने चांदीचे पैंजणही आणले. ते वाजले की बाळ दचकून रडायचं, म्हणून दहा वर्षं झाली, पैंजण डबीतच आहेत.

नूपुर चालत नाही. जन्मापासून पायांत जोर नाही, चाकाच्या खुर्चीतून फिरते. लोकांना वाटतं हीच मोठी अडचण. अहो, खुर्चीची अडचण पायरीपाशी सुरू होते आणि पायरी संपली की संपते. आवाजाचं तसं नाही, तो कुठूनही येतो आणि कितीही वेळ राहतो. मोठा आवाज झाला की अंगावर कढत पाणी पडल्यासारखं होतं, असं ती सांगते. मी तिच्यावर विश्वास ठेवते. आधी ठेवत नव्हते.

ते आधीचं एकदा सांगूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी कुहीला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. वरात दारात आली आणि डीजेने जमीन हादरायला लागली. नूपुर माझा पदर ओढून "आजी, आत चल" म्हणत होती. आणि मी, सगळं गणगोत जमलेलं बघून हरखलेली मी, तिला म्हणाले, "पाच मिनिटं तर आहेत वं. नवरदेव उतरू दे." तिने पदर सोडला. मी खाली पाहिलं तेव्हा तिने स्वतःच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता आणि फ्रॉकवर रक्ताचे थेंब होते. डाव्या मनगटावर तो वण अजून आहे. तिच्या हातापायांना रोज तेल मीच चोळते, त्यामुळे तो मला रोज बघावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "आजी, मैदानात तू पोट्ट्यांले कशी थांबवत होती?" मी हात सरळ वर करून दाखवला, पंजा उघडा. "आणि चालू कराचं असन तर?" मी हात समोर केला. तिने दोन्ही करून पाहिले आणि म्हणाली, "आता मी असा हात वर केला का तू थांबाचं. काहून म्हणून विचाराचं नाही." तेव्हापासून आमच्या घरात पीटीची मास्तरीण ती आहे. तिचा हात वर गेला की मिक्सर थांबतो, टीव्ही थांबतो, माझं बोलणंही थांबतं. शिटी मी कपाटात टाकली ती टाकलीच.

बाहेरच्या जगाला मात्र तिचा हात समजत नाही, म्हणून कानांवर घालायला काहीतरी हवं होतं. माझी मुलगी उत्तरा, म्हणजे नूपुरची आई, तिला घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेली आणि सगळे ठेले पालथे घातले. जो तो जास्त आवाजाचा हेडफोन काढून दाखवायचा. काहीच ऐकू न येणारा द्या म्हटल्यावर एक जण म्हणाला, "ताई, तो तर बिघडलेला असते." शेवटी आमचे जावई सुमंत, ते मौद्याच्या पॉवर प्लांटमध्ये नोकरीला आहेत, त्यांनी तिथले लोक मोठ्या यंत्रांपाशी कानांवर चढवतात तसे जाड लाल इअरमफ शोधून आणले. ते लावून नूपुर अशा ऐटीत फिरते की बघणाऱ्याला वाटावं, बाई तपासणीला आल्या आहेत.

उत्तरा माझी मुलगी असून माझ्यासारखी नाही. स्वभाव मऊ, आणि "जाऊ दे ना आई" हे पालुपद. एकाच बाबतीत हट्टी होती. नूपुरच्या खुर्चीत ती दुसऱ्या कोणाला बसू द्यायची नाही. पाहुण्यांची पोरं खेळता खेळता बसली की हाताला धरून उठवायची, आणि स्वतः तर कधी टेकलीसुद्धा नाही. चाकं खराब होतात असं तोंडाने सांगायची. मनात अपशकुनाची भीती होती, हे मला आईला कळत नाही होय?

तर भंडारा रोडवर सप्तरंग नगरी नावाचं मोठं करमणुकीचं पार्क झालं आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, भूतबंगला, काय काय आहे. नूपुरला त्यातलं काही नको होतं. तिला फक्त आकाशपाळण्यात बसायचं होतं, आणि त्याचं कारण तिने सहा महिने विचार करून काढलं होतं. "आपल्या गच्चीवर गेलं का रोडवरचे हॉर्न लहान होतेत," ती म्हणायची. "पाळणा गच्चीहून उंच आहे. तिथे आवाज पोहोचतच नसन. मी वर जाऊन हे काढीन." हे म्हणजे इअरमफ. घराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली, ते काढून उघड्या कानांनी बसायचं, एवढंच त्या पोरीने जगाकडे मागितलं होतं.

उत्तराने पार्कला फोन केला. मुलगी व्हीलचेअरवर आहे, आवाज सहन होत नाही, शांतता कोणत्या वेळी असते, असं विचारलं. फोन खुद्द मॅनेजरने घेतला, धर्मेंद्र नाव. बोलणं इतकं गोड की काय सांगू. "ताई, तुम्ही काहीच टेन्शन घेऊ नका. मंगळवारी अकरा वाजता या. आम्ही सगळी स्पेशल व्यवस्था करून ठेवतो." फोन ठेवून उत्तराने डोळे पुसले. मलाही वाटलं, चला, चांगली माणसं भेटली. माणसं चांगलीच होती, घोळ तिथेच झाला.

मंगळवारी आम्ही तिघी गाडीतून उतरलो तर फाटकावर हा मोठा फ्लेक्स. आपल्याकडे फ्लेक्सवर फोटो म्हणजे एक तर वाढदिवस नाहीतर श्रद्धांजली, म्हणून मी चष्मा लावून नीट पाहिलं. फोटो नूपुरचा होता, उत्तराच्या व्हॉट्सॲपवरून उचललेला. 'दिव्यांग बालिका कु. नूपुर हिचा भव्य सत्कार' असं लिहिलं होतं आणि शेजारी प्रमुख पाहुण्यांचा चेहरा तिच्या दुप्पट होता. फोटोतले तिचे लाल इअरमफ कोणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकले होते आणि त्या जागी केस रंगवले होते.

खाली बारा ढोल आणि चार ताशे रांगेत उभे. फेटे बांधलेले, काठ्या हातात. खुर्चीसाठी उतार होता, पण त्यावर दोन्ही बाजूंनी झेंडूच्या कुंड्या अशा सजवल्या होत्या की खुर्ची जायला जागाच उरली नव्हती. आणि आत, ज्या स्टेजवर या चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा मान करायचा होता, त्याला पाच पायऱ्या.

आम्ही शांत वेळ विचारली होती आणि त्यांनी ढोल बोलावले होते. यात दुष्टपणा कणभर नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आपल्या लोकांत कोणाचा मान करायचा म्हणजे वाजवायचं, हार घालायचा आणि माइकवर बोलायचं. न वाजवता मान केला तर तो चोरून केल्यासारखा वाटतो. धर्मेंद्रने फोनवर सगळं नीट ऐकलं होतं, आवाज सहन होत नाही हेसुद्धा. पण ते पोरीचं दुःख म्हणून ऐकलं आणि त्यावर सत्काराचा उपाय काढला.

तेवढ्यात एका ताशेवाल्याने काठ्या जमतात का ते पाहायला तडतडतड केलं. नूपुरने डोळे मिटले. तिचा हात सरळ वर गेला.

उत्तरा थांबली, मी थांबले, ताशा काही थांबला नाही. मग मी तिच्या आणि त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले, टाचा जुळवल्या, आणि माझा हात वर केला. तोंडातून शब्द काढला नाही. आपल्या शाळांत शिकलेलं माणूस कितीही मोठं झालं तरी पीटीच्या बाईचा तो हात ओळखतं. ताशे थांबले. ढोलवाल्यांतल्या दोघांनी तर सवयीने सावधानच केलं.

धर्मेंद्र गुच्छ घेऊन पळत आला. चाळिशीचा, घामाघूम, खरोखर आनंदलेला माणूस. "या या मॅडम, या बेटा! साहेब निघालेच आहेत, रस्त्यात आहेत."

मी म्हटलं, "ढोल काहून बोलावले?"

"स्वागतासाठी, मॅडम."

"पोरीले आवाज सहन होत नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाले?"

"हाव ना, म्हणूनच तर कमी बोलावले. तीस येत होते."

आता यावर माणसाने काय बोलावं? मी त्याला म्हटलं की आम्हाला सत्कार नको, आम्ही पाळण्यात बसायला आलो आहोत. आधी कुंड्या हलवा आणि तीन तिकिटं फाडा. तो म्हणाला, "तुम्हाले तिकीट कायचं मॅडम, तुम्ही तर पाहुणे." मी म्हटलं, "पाहुण्याले यजमान म्हणन तिथे बसा लागते. मले तिकीटच द्या." कुंड्या मीच बाजूला केल्या. तिकिटं मी हातात घट्ट धरली.

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. तो उत्तराकडे वळला, कारण अशा माणसांना घरातलं मऊ माणूस बरोबर दिसतं. "ताई, तुम्हीच समजावा. दोन दिवस झाले, पूर्ण स्टाफ लागला आहे. पेपरवाले आले आहेत. स्टेजवर फक्त पाच मिनिटं. ढोल दूर उभे करतो. हार, शाल, साहेबांचे दोन शब्द. मग पाळणा आहेच."

उत्तराने माझ्याकडे पाहिलं. "आई, त्यांनी इतकं केलं आहे. पाच मिनिटं तर आहेत."

तेच शब्द, तशाच आवाजात. मी तिच्यावर ओरडणार होते, पण कोणत्या तोंडाने ओरडू? ते शब्द तिने माझ्याकडूनच उचलले होते. आणि खरं सांगते, एका क्षणाला मलाही वाटून गेलं की घ्या उरकून, कशाला चारचौघांत तमाशा.

नूपुरने इअरमफ एका बाजूने जरा उचलला. "काका, सत्कार कायचा आहे?"

धर्मेंद्र तिच्यापुढे वाकला. "तुझा बेटा!"

"पण मी काय केलं?"

"तू बहादूर आहेस ना!"

"तुम्हाले कसं माहीत? तुम्ही तर आज पहिल्यांदा पाहून राहिले मले."

धर्मेंद्रने हसून गुच्छ पुढे केला. नूपुरने तो घेतला नाही, इअरमफ पुन्हा नीट बसवला आणि दोन्ही हातांनी चाकं फिरवत सरळ आत निघाली. दिशा पाळण्याची होती. मी तिच्या मागे, उत्तरा माझ्या मागे, आणि धर्मेंद्र गुच्छासकट सगळ्यांच्या मागे.

पाळण्यापाशी दहा-बारा माणसांची रांग होती. आम्ही रांगेच्या शेवटी लागलो. पाळणा चालवणारा माणूस पत्र्याच्या छोट्या खोलीत बसला होता. खाकी शर्ट, कानापाशी पांढरे केस, खिशावर संघपाल नावाची पट्टी. आमचा नंबर आला तसा धर्मेंद्र पुढे झाला. त्याचा आवाज आता मघाइतका गोड राहिला नव्हता.

"मॅडम, नियमाने व्हीलचेअरवाल्यांले पाळण्यात बसवत नाही. आम्ही सत्कारमूर्ती म्हणून स्पेशल परवानगी देऊन राहिलो होतो. तुम्हाले सत्कार नको, तर परवानगी कशी देऊ, सांगा."

म्हणजे बघा, मान घ्या तर माणूस, नाहीतर नियम! मी शेजारच्या पाटीपाशी गेले आणि एकेक नियम बोट ठेवून वाचला. हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. गरोदर महिलांनी बसू नये. मद्यपान केलेल्यांनी बसू नये. लहान मुलांसोबत मोठं माणूस हवं. पाळणा चालू असताना उभं राहू नये. "यात आमचं काय आहे ते दाखवा," मी म्हटलं. "हृदय तिचं चांगलं आहे. दारू ती पीत नाही. मोठं माणूस मी आहे. आणि उभं राहू नका म्हणता, तर हिच्याहून चांगलं गिऱ्हाईक तुम्हाले कुठे भेटणार?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. धर्मेंद्र म्हणाला, "पण खुर्ची..."

"खुर्ची खालीच राहते. पाळण्यात पोट्टी बसणार आहे."

"तुम्ही जरा साइडले व्हा. मागे लोक थांबले आहेत."

तेव्हा नूपुरने वाकून खुर्चीचे ब्रेक लावले. आधी उजवीकडचा, मग डावीकडचा. मग हात मांडीवर ठेवून ती समोर बघत बसली. रांगेतला एक माणूस "अरे चला ना बाप्पा लवकर" म्हणाला. त्याच्या मागची बाई त्याच्यावरच खेकसली, "तिचा नंबर आहे ना? तुह्या आधी आली ती." लोक वाईट नसतात, त्यांना कोणीतरी आधी बोलायला लागतं.

संघपाल खोलीतून बाहेर आला. धर्मेंद्रकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, बसवाचं काही नाही. म्हातारे लोक येतेत, त्यांले उचलूनच बसवतो आम्ही. माझी अडचण वेगळी आहे. पाळणा सुरू कराच्या आधी भोंगा द्या लागते. तो मोठा आहे. पोरीले त्रास होईन."

त्या सबंध पार्कात हा पहिला माणूस, ज्याने फलक, हार, बहादुरी काही न बोलता नेमकी अडचण ओळखली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"भोंगा कायले असते?" नूपुरने विचारलं.

"पाळणा निघून राहिला, जवळ येऊ नका, म्हणून सांगाले."

"मग हातानं सांगा ना." तिने हात वर केला, पंजा उघडा. "हे म्हणजे थांबा." मग समोर केला. "हे म्हणजे चालू."

संघपाल तिच्याकडे बघतच राहिला. "हे कोणी शिकवलं तुले? मी मौद्याले क्रेन चालवली आहे, प्लांट बनून राहिला होता तेव्हा. तिथे क्रेनच्या कॅबिनमधे काहीच ऐकू येत नाही, सगळं काम हातावर. उचलाचा हात एकाच माणसाचा पाहाचा, ठरलेल्या. पण थांबाचा हात कोणाचाही असू दे, साहेबाचा असो का झाडूवाल्याचा, थांबाच लागते. विचाराचं नाही."

"आमच्या घरी पण विचाराचं नसते," नूपुर म्हणाली.

धर्मेंद्र काही बोलणार इतक्यात त्याचा फोन वाजला. प्रमुख पाहुणे फाटकावर आले होते. त्याने फोनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि घाईघाईत म्हणाला, "ठीक आहे. एक फेरी. उतरल्याबरोबर सरळ स्टेजवर." मी म्हटलं, "मी हो म्हटलं नाही." ते ऐकायला तो थांबला नाही. गुच्छ मात्र जाताना खुर्चीच्या पाठीला अडकवून गेला.

संघपालने भोंगा दिला नाही. कठड्यापर्यंत स्वतः चालत जाऊन दोन्ही बाजूंच्या लोकांना मागे सारलं, साखळी लावली, पुन्हा एकदा पाहून आला. नूपुरला मी आणि उत्तराने उचललं. उचलण्याआधी तिला विचारावं लागतं, ते विचारलं. पट्टा बांधला, दांडी लावली. पाळण्यात दोघींचीच जागा होती, म्हणून मी तिच्या शेजारी बसले आणि उत्तरा खाली खुर्चीपाशी राहिली. आमच्या मागचे चार-सहा जण बाकीच्या पाळण्यांत बसल्यावर संघपाल खोलीत गेला आणि काचेतून नूपुरकडे पाहू लागला. तिने हात समोर केला. पाळणा हलला.

आता माझं काय सांगू? मला उंचीची भीती वाटते. बत्तीस वर्षं पोरांना दोरावर चढवलं आणि स्वतः जमिनीवर उभी राहून शिट्या मारल्या. मी दांडी दोन्ही हातांनी धरून 'राम राम' करत होते. नूपुर मात्र मान तिरपी करून बसली होती, कशाचा तरी अंदाज घेत. खालच्या इंजिनाची घरघर मागे पडली. घसरगुंड्यांवरच्या किंकाळ्या बारीक झाल्या. कडुलिंबाचे शेंडे खाली गेले. अगदी वर आलो तेव्हा फक्त वारा होता आणि स्टेजवरचा माइक, दूर कुठेतरी मच्छर गुणगुणावा तेवढा.

नूपुरने हात वर केला.

पाळणा थांबला. एकदम नाही, हळू, झोका न बसता. त्या माणसाच्या हातात कसब होतं.

तिने उजव्या कानावरचा इअरमफ उचलला. थांबली. मग डावीकडचाही उचलून दोन्ही काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. तिचे कान लाल झाले होते आणि केस चिकटले होते. वाऱ्याने ते सुटे झाले. माझी भीती कुठे गेली ते कळलं नाही. ही पोर उघड्यावर उघड्या कानांनी बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला रडू फुटलं. आवाज न करता रडता येतं, हे मी तिच्याकडूनच शिकले आहे.

थोड्या वेळाने मी खाली वाकून पाहिलं. धर्मेंद्र परत आला होता आणि संघपालच्या खोलीपुढे हातवारे करत होता. स्टेजकडून दोन माणसं आली आणि नूपुरची खुर्ची उचलायला लागली. सत्कारमूर्ती उतरली की वेळ जायला नको, म्हणून खुर्ची आधीच स्टेजवर नेऊन ठेवणार असतील. उत्तरा मधे आली. ती काय बोलली ते वर ऐकू आलं नाही. पण मग माझी ती मऊ मुलगी, जी कोणाला "नाही" म्हणत नाही, ती वळली आणि त्या खुर्चीत बसली. पाठ टेकवून, पाय खालच्या फळीवर ठेवून, नीट बसली. पाठीला अडकवलेला गुच्छ काढून तिने त्या माणसांच्या हातात दिला, आणि वाकून ब्रेक लावले. आधी उजवीकडचा, मग डावीकडचा.

माझा फोन थरथरला. उत्तराकडून नंबर घेतलेला धर्मेंद्र होता. "मॅडम, हा संघपाल पाळणा चालूच करून नाही राहिला! म्हणतो, पोरीचा हात वर आहे, तो खाली आल्याशिवाय मी काही करू शकत नाही. माझी नोकरी घ्या म्हणतो. साहेब स्टेजवर एकटे बसले आहेत, माइक चालू आहे. तुम्ही तिले हात खाली घ्याले सांगा."

मी पाहिलं. नूपुरचा हात खरंच अजून वर होता. डावा हात, वणाचा. बाही घसरून कोपरापर्यंत आली होती.

खालच्या पाळण्यांत बसलेले चार-सहा जण वर बघत होते. मघा घाई करणारा माणूस त्यांच्यातच होता. तो बायकोचा फोटो काढत होता.

मी धर्मेंद्रला म्हटलं, "तुम्हीच सांगा तिले," आणि फोन तिच्या उघड्या कानाजवळ धरला, जरा लांबच. तिने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच कोणाचा तरी आवाज तिला लहान करून मिळाला होता. त्याचं संपल्यावर ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली,

"काका, पाच मिनिटं तर आहेत."

तिने मला फोन ठेवायला सांगितलं. मी ठेवला. हात तिने खाली घेतला नाही आणि संघपालने पाळणा हलवला नाही.